जंतू मरतो, विष उरतं: बेळगाव जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना खुलं पत्र

माननीय जिल्हा आरोग्य अधिकारी, बेळगाव,
आणि जिल्ह्यातील सर्व तालुका आरोग्य अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यात औषधाचं दुकान चालवतो. डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाला काय द्यावं हे सांगायचा मला अधिकार नाही. पण कुठलं औषध या भागात रात्री नऊनंतर मिळत नाही, हे दुकानदाराइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार? त्याच भरवशावर लिहितोय. कन्नड प्रत आपल्या कार्यालयात रीतसर देऊन पोच घेतली आहे. ही मराठी प्रत गावातल्या लोकांनीही वाचावी म्हणून.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसला तरी चालेल. जंतूंच्या विषावर चालणारी चार औषधं आहेत: घटसर्पाचं (डिप्थेरियाचं) अँटीटॉक्सिन म्हणजे विषावरचा उतारा, धनुर्वाताचं इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे तयार प्रतिविष, आणि क्लिंडामायसिन व लिनेझोलिड या दोन अँटिबायोटिकांची शिरेतून द्यायची इंजेक्शनं. ही जिल्ह्यात आज कुठे आणि किती आहेत याची एक चालू यादी ठेवा. ती रात्री-अपरात्री फोनवर सांगणारा माणूस नेमा. आणि घटसर्पाचं सोडून बाकीची तीन प्रत्येक तालुका इस्पितळात असतील असं बघा. बस्स, एवढंच.

आता हे चारच का, ते सांगतो.

काउंटरवर माणूस येतो आणि म्हणतो, "जरा भारीतलं अँटिबायोटिक द्या की." भारीतलं दिलं की जंतू मेला, जंतू मेला की आजार गेला, असा सगळ्यांचा हिशेब असतो. बहुतेक आजारांत तो बरोबरही येतो. पण काही जंतू स्वतः फारसे आत शिरत नाहीत. घशात किंवा जखमेत बसून विष सोडतात आणि ते विष रक्तातून काळजापर्यंत, नसांपर्यंत जातं. कारखान्याचं गाळप आज बंद केलं म्हणून कालच नदीत सोडलेलं मळीचं पाणी थांबत नाही; खालच्या गावाला मासे मरायचे ते मरतातच. अँटिबायोटिक गाळप बंद करतं. वाहत्या मळीला वेगळा उपाय लागतो, आणि तो आपल्या तालुक्यात नसतो.

घटसर्प घ्या. घशात राखाडी पडदा, मान सुजून बैलासारखी, गिळता येत नाही. पेनिसिलिन किंवा इरिथ्रोमायसिन दिलं तर जंतू जातो आणि दुसऱ्याला लागण होण्याचं थांबतं, ते द्यायलाच हवं. पण रक्तात उतरलेलं विष त्यानं कमी होत नाही. हे विष पेशीत शिरून तिचं प्रथिनं बनवायचं कामच बंद पाडतं. त्याचा एक रेणू एक पेशी मारायला पुरतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. त्यामुळे घसा बरा वाटायला लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात मुलाचं हृदय दगा देतं. यावर एकच औषध: अँटीटॉक्सिन. तेही रक्तात मोकळं फिरणारं विषच पकडतं. पेशीत शिरलेल्यावर त्याचा काही इलाज नाही. म्हणून स्वॅबच्या रिपोर्टची वाट न बघता, नुसत्या संशयावर, पहिल्या-दुसऱ्या दिवशी ते द्यायचं असतं. उशिराच्या प्रत्येक दिवसाबरोबर मृत्यूचा धोका चढत जातो.

हा जुना, संपलेला आजार आहे असं कुणी म्हणत असेल तर तसं नाही. २०१८ साली जगात घटसर्पाचे सोळा हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले निम्म्याहून जास्त एकट्या भारतातले होते. उत्तर कर्नाटकाच्या खेड्यांत साथ आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत आहे. आपल्याकडे तर उसाच्या हंगामात बाहेरून टोळ्या येतात, वीटभट्ट्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं राहतात. त्यांच्या पोरांचे दीड वर्षाचे आणि पाच वर्षांचे डोस कुठल्या गावात चुकले, कोण सांगणार? दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची टी.डी., म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची लस, तर आपल्या गावातल्या शाळकरी मुलांचीही राहून जाते. आशाताई वह्या घेऊन दारोदार फिरतात, त्यांचं काम मी बघतोय. पण फडावरच्या खोपटापर्यंत वही पोचत नाही.

अँटीटॉक्सिन तयार कसं होतं ते कळलं की तुटवडा का पडतो तेही कळतं. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं, की विषाची थोडी थोडी मात्रा टोचलेल्या जनावराच्या रक्तातलं पाणी दुसऱ्या जनावराला त्या विषापासून वाचवतं. १९०१ चं वैद्यकातलं पहिलंच नोबेल बेरिंगना मिळालं ते घटसर्पावरच्या याच कामासाठी. सव्वाशे वर्षं होऊन गेली, पद्धत तीच आहे: घोडा, त्याला विषाचे डोस, त्याचं रक्त, रक्तातून वेगळा केलेला भाग. जगात हे करणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. फायदा कमी, मागणी अनिश्चित, त्यामुळे खासगी कंपन्यांना फारसा रस नाही. आपल्याकडे कसौलीची केंद्रीय संस्था आणि मुंबईची हाफकिन ही नावं वर्षानुवर्षं या कामाशी जोडलेली.

आणि बेळगावला तर अशा कामाची परंपरा आहे की! टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली रोज सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक आहे, की तिथे देवीची लस तयार होत असे? ज्या गावाने एका रोगाच्या उच्चाटनाला हातभार लावला त्या गावाच्या जिल्ह्यात आज अँटीटॉक्सिनच्या व्हायली, म्हणजे इंजेक्शनच्या बाटल्या, कुठे आहेत हे विचारायला चार फोन करावे लागतात. हे मला खटकतं.

एका व्हायलीत साधारण १० हजार युनिट असतात. आजार किती पसरलाय आणि किती दिवस झाले त्यावर डोस २० हजारांपासून एक लाख युनिटपर्यंत जातो, आणि इथे वजनाचा हिशेब नसतो. चार वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाइतकाच डोस. म्हणजे एका गंभीर मुलाला आठ-दहा व्हायली. त्यातून घोड्याचं औषध, म्हणजे आधी टोचून चाचणी, अंगावर रिअॅक्शन आली तर सांभाळायला अॅड्रेनालिन हाताशी आणि डॉक्टर शेजारी. म्हणूनच घटसर्पाचं औषध मी तालुक्याला मागत नाही. ते जिल्ह्याला ठेवा. पण कंकुंबीच्या किंवा जांबोटीच्या आरोग्य केंद्रात घसा बघून डॉक्टरला शंका आली, तर त्याच मिनिटाला त्यांना कळलं पाहिजे की व्हायली कुठे आहेत, मुलाला कुठे पाठवायचं, आणि पोचायच्या आत तिथे कुणाला उठवायचं. आज आधी पेशंट निघतो आणि मग शोध सुरू होतो.

धनुर्वाताचं दुखणं वेगळं. इथे लोक जागरूक आहेत, खरं तर जरा जास्तच. खिळा लागला, पत्रा कापला, की टी.टी. मारून घ्यायला धावतात. पण ती सुई पुढच्या वेळेसाठी असते, हे फार थोड्यांना माहीत आहे. शरीराला स्वतःची प्रतिकारशक्ती उभी करायला दिवस लागतात. ज्याने लहानपणी डोस घेतलेच नाहीत, किंवा घेतले की नाही ठाऊक नाही, अशा माणसाच्या शेणामातीच्या खोल जखमेला लसीबरोबर तयार प्रतिविषही द्यायचं असतं. तेच टिटॅनस इम्युनोग्लोब्युलिन, बहुतेकदा २५० युनिट. एका दंडात लस, दुसऱ्या जागी हे.

आमच्या दुकानाच्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात इन्शुलिन, मधल्यात लसी, आणि कोपऱ्यात इम्युनोग्लोब्युलिनचं एखादं खोकं. टी.टी.ची अँप्युल काही रुपयांत जाते, या खोक्याला हजारांत मोजावे लागतात. चिठ्ठी क्वचित येते. मुदत संपली तर होलसेलर परत घेताना दहा कारणं सांगतो. हेस्कॉमची लाईट पावसाळ्यात दोन दोन दिवस नसते, तेव्हा बर्फाचे डबे भरून फ्रीज दोन ते आठ डिग्रीत ठेवायची कसरत वेगळी. मग दुकानदार ते ठेवायचं बंद करतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वाणसामानाच्या नियमाने चालणाऱ्या दुकानात कधीतरी लागणारं जीवरक्षक औषध टिकत नाही. ते सरकारनेच ठेवायला पाहिजे. आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात लसींसाठी चांगला फ्रीज आहे. त्यात दोन खोकी जास्त बसतील. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत हे औषध आहे, घटसर्पाचं अँटीटॉक्सिनही आहे, त्यामुळे खरेदीला नवी परवानगी शोधत बसायला नको.

खानापूरचा शेतकरी अनवाणी गोठ्यात जातो. साठीच्या पुढच्या कितीतरी बायकांना बाळंतपणातल्या सुईनंतर टी.टी. माहीत नाही, आणि पुरुषांना तर तेवढीही नाही. एकदा का विष नसेत शिरलं की कुठलंही औषध ते बाहेर काढत नाही. नसांना नवी टोकं फुटेपर्यंत आठवडेच्या आठवडे माणूस व्हेंटिलेटरवर, अंधाऱ्या खोलीत, जरा आवाज झाला तरी शरीर धनुष्यासारखं ताठ. तो खर्च आणि ते एक खोकं, जरा शेजारी ठेवून बघा.

तिसरी गोष्ट सगळ्यात कमी बोलली जाते, म्हणून तिच्यावर थोडा जास्त थांबतो.

गेल्या ऊस हंगामात एक तरुण मुलगा चिठ्ठी घेऊन दुकानात आला. चुलत्याच्या पोटरीला उसाचं धसकट लागलं होतं. शुगरचा पेशंट. जखम नखाएवढी आणि माणूस दुखण्याने गडबडा लोळतोय. पहिल्या दिवशीच्या चिठ्ठीवर एक चांगलं भारी अँटिबायोटिक होतं, ते दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच मुलगा दुसरी चिठ्ठी घेऊन आला: क्लिंडामायसिन इंजेक्शन, ताबडतोब. माझ्याकडे कॅप्सूल होत्या, इंजेक्शन नव्हतं. गावातल्या इतर दुकानांत नव्हतं. सरकारी दवाखान्यात विचारलं, तिथेही नव्हतं. बेळगावच्या स्टॉकिस्टला फोन केला, त्याने पुडकं बांधून बसच्या कंडक्टरकडे दिलं, बस आली तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. पेशंटला तोवर गाडीत घालून बेळगावला नेलं होतं. पुडकं माझ्याकडेच राहिलं. माणूस वाचला, पाय गुडघ्याखाली गेला. औषध आदल्या दिवशी मिळतं तर पाय राहिला असता, असं मी म्हणणार नाही. अशा आजारात पहिला उपचार म्हणजे सर्जनने सडलेलं मांस कापून काढणं, आणि त्यालाही उशीर झाला होता. पण दुसरी चिठ्ठी पहिलीबरोबरच का यायला हवी होती, हे मी नंतर शोधून वाचलं.

कारण असं. पेनिसिलिनच्या जातीची औषधं जंतूच्या भिंतीवर घाव घालतात. जंतू वाढत असेल, भिंत बांधत असेल, तरच घाव लागतो. मांसात जंतूंची दाटी झाली की ते वाढायचं थांबवतात, बसून राहतात, आणि विष मात्र सोडतात. १९५२ मध्ये हॅरी ईगल यांनी उंदरांवर दाखवलं, की अशा आजारातल्या स्ट्रेप्टोकोकस या जंतूची लागण जुनी आणि दाट झाली की पेनिसिलिन हरतं. १९८८ मध्ये डेनिस स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी तेच प्रयोग पुन्हा केले आणि क्लिंडामायसिनने उंदीर वाचतात असं दाखवलं. क्लिंडामायसिन भिंतीकडे बघत नाही. जंतूच्या आत प्रथिनं जुळवणारं जे यंत्र आहे, रायबोसोम, ते अडवतं. विष हेही प्रथिनच. जंतू मरो न मरो, विषाचं उत्पादन बंद. लिनेझोलिडचं कामही त्याच जागी चालतं, आणि क्लिंडामायसिनला न जुमानणाऱ्या जंतूंवर तेच उपयोगी पडतं.

ही विषं साधी नव्हेत. त्यांतली काही आपल्याच प्रतिकारशक्तीला भडकवतात. एरवी एका जंतूविरुद्ध शरीरातल्या दहा हजारांत एखादीच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणारी पांढरी पेशी, जागी होते. या विषाने पाचांतली एक उठते. रक्तदाब कोसळतो, किडनी बंद पडते, सगळं एका दिवसात. उपचार मिळूनही अशा स्ट्रेप्टोकोकल टॉक्सिक शॉकमध्ये दहापैकी तीन जण जातात. म्हणून पुस्तकं सांगतात, की संशय येताच पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिन जोडीने सुरू करा. जोडीने, हे महत्त्वाचं; एकट्या क्लिंडामायसिनवर भरवसा ठेवायचा नाही, कारण काही जंतू त्याला दाद देत नाहीत.

हिशेब माझ्या धंद्याचा आहे म्हणून सांगतो. मोठ्या माणसाला दर आठ तासांनी ९०० मिलिग्रॅम, म्हणजे ३०० च्या नऊ अँप्युल दिवसाला. दोन पेशंट, दोन दिवस: छत्तीस अँप्युल. तेवढ्यात तालुका इस्पितळाची सोय झाली, कारण त्यानंतर पेशंट बेळगावला किंवा कोल्हापूरला गेलेलाच असतो. फ्रीज लागत नाही, साध्या कपाटात राहतं. यासाठी काही कोटींची योजना नको.

मी काय मागत नाही, तेही लिहितो. इंटरनेटवर वाचून लोक शिरेतून द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनचं नाव घेतात. एका पेशंटला त्याचा खर्च लाखांत जातो. टॉक्सिक शॉकमध्ये काही डॉक्टर ते देतात, पण २०१७ साली डेन्मार्कमध्ये मांस सडणाऱ्या इन्फेक्शनच्या १०० रुग्णांवर झालेल्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. ते मोठ्या हॉस्पिटलच्या तज्ज्ञांनी ठरवावं. परदेशात अँथ्रॅक्सच्या विषावर प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटिबॉडी मंजूर झाल्या आहेत, २०१२ मध्ये एक आणि २०१६ मध्ये दुसरी. त्याही आपल्याला नकोत.

आणि उलट बाजूही आहे. ही औषधं तालुक्याला आली की उद्या कुठल्याही फोडाला क्लिंडामायसिन लागायला लागेल, ही भीती मलाही आहे. त्याने आतड्यात दुसराच एक विषारी जंतू माजतो आणि जुलाबाने माणूस बेजार होतो. लिनेझोलिडने प्लेटलेट उतरतात. काही जुलाबांत तर, म्हणजे शिगा नावाचं विष सोडणाऱ्या ई. कोलाय जंतूच्या जुलाबात, अँटिबायोटिक दिल्यानेच विष जास्त सुटण्याचा धोका असतो. तेव्हा साठा कुलपात ठेवा, वापर रजिस्टरला लिहा, आणि प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर एक पानाचा कागद लावा, कन्नड, मराठी आणि इंग्रजीत: कुठली लक्षणं, कुठलं औषध, कुणाला फोन. दुकानदारांनाही त्याच कागदाची प्रत द्या. चिठ्ठीशिवाय विकणारा आमच्यातला कोण आहे ते आम्हाला माहीत असतं. आमचे आम्ही बघून घेऊ.

राहिला सीमेचा प्रश्न. नकाशा कुठेही असो, पेशंट जवळच्या रस्त्याने जातो. निपाणीचा माणूस कोल्हापूरला सी.पी.आर. रुग्णालयात जातो, कागवाड-अथणीचा मिरजेला, कंकुंबीचा चोर्ला घाट उतरून गोव्यात, आणि चंदगडचा उलटा बेळगावला येतो. महाराष्ट्राने महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली त्यावरून दोन राज्यांत काय वाद झाला ते सगळ्यांनी पाहिलं. त्या वादात मला इथे पडायचं नाही. अँटीटॉक्सिनला त्यात ओढू नये एवढीच विनंती. बेळगाव, कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आणि गोवा इथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी एकमेकांचे साठे फोनवर विचारायचे आणि अडीनडीला उसनवारीने व्हायली द्यायच्या, एवढा एक साधा करार पुरेसा आहे. हे पत्र मी कोल्हापूर आणि सांगलीच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनाही पाठवतोय.

मुदतीचा प्रश्नही यातच सुटतो. तालुक्याला पडून असलेली औषधं मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात पाठवा, जिथे ती लागतात, आणि तिथून ताजी आणा. दुकानदार हे करू शकत नाही, सरकार करू शकतं. आपल्या औषध महामंडळाच्या संगणकात साठ्याचे आकडे भरले जातातच. त्यातल्या चार ओळी लोकांना दिसतील अशा उघड्या करायच्या आहेत.

यादी तयार होईपर्यंत आम्ही तालुक्यातल्या काही दुकानदारांनी आमच्यापुरतं ठरवलं आहे. दर सोमवारी या चार औषधांचा आमच्याकडचा साठा एका कागदावर लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवणार. पहिला कागद येत्या सोमवारी येतोय. त्यावर इस्पितळाचे आकडे कुणी भरायचे, तेवढं आपण सांगा.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक औषध दुकानदार